कोकणासारख्या मुलखातली ओझ्याची काल्पनिक जनावरं: वजन, वैरण आणि घाटाचं गणित बसेल का?

अर्जुनाकाठ (प्रश्न)

कल्पनारम्य कादंबरीसाठी मदत हवी आहे. राज्य काल्पनिक, पण भूगोल आपल्याकडचाच. समुद्राकाठी बंदर, तिथून ४० किमी आत गेलेली खाडी, खाडीच्या टोकाला पेठ. पेठेपासून २० किमी कातळसडे (जांभ्याच्या दगडाचे उघडे पठार), मग ८ किमीच्या वाटेत ६०० मीटर चढणारा घाट, आणि माथ्यावर देशावरचा बाजार. वर जातं मीठ, सुकी मासळी, नारळ, सुंभ. खाली येतो गूळ, तूर, मिरची, कापड. कथेतलं भांडण मिठाच्या जकातीवरून आहे, त्यामुळे वर्षाला २,००० टन मीठ तरी वर चढलं पाहिजे.

जनावरं दोन ठरवली आहेत.

पाणगवा: रेड्याच्या जातीचा, ६०० किलोचा. २०० किलो ओझं घेऊन खाडीच्या चिखलातून बंदर ते पेठ चालतो.

कडघोर: ९०० किलोची घोरपड. ४०० किलो ओझं घेऊन सरळ कडा चढते.

जादू कुठेच नाही, जनावरं हाडामांसाचीच हवीत. किती जनावरं लागतील, ती काय खातील, सामान कसं बांधायचं आणि पावसाळ्यात काय करायचं, हे जाणकारांनी सांगावं. खोड काढा, चालेल.

घाटवाट

जनावर जरा बाजूला ठेवा आणि आधी वाट मोजा. जनावर किती ताकदीचं आहे यावर तांडा चालत नाही. वाटेत ते काय खातं आणि कुठे पाणी पितं, यावर चालतो.

मापाला खरा बैल घ्या. ३५० किलोचा बैल पाठीवर साधारण १०० किलो रोज नेऊ शकतो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्शापासून तीस टक्क्यांपर्यंत. त्याच हिशेबाने कडघोरीला २२५ ते २७० किलो. ४०० किलो सपाटीवर एखाद्या दिवशी निघेल, पण रोज घाट चढताना चार-सहा दिवसांत जनावर बसेल.

आता तांडा. ओझ्याचा बैल दिवसाला १५ किमीच्या आसपास चालतो. ताशी तीन-साडेतीन किमीने आणखी चालू शकेल, पण चरायला आणि रवंथ करायला प्रत्येकी सात-आठ तास लागतात आणि ते वाचवता येत नाहीत. तुमची २८ किमीची वाट म्हणजे दोन दिवस वर, दोन दिवस खाली, दोन दिवस विश्रांती आणि माल भरणं. सहा दिवसांची एक फेरी. दसऱ्यापासून मेअखेरपर्यंत २४० दिवस धरले तर ४० फेऱ्या, म्हणजे एका बैलामागे हंगामात ४ टन. २,००० टनांना ५०० बैल. लंगडे, आजारी, खांदा-पाठ सोललेले यांच्यासाठी १५ टक्के वाढवा: ५७५.

कामाचा बैल रोज ९ किलोच्या आसपास सुकी वैरण खातो. सहा दिवसांच्या फेरीत ५४ किलो, आणि नेतो १०० किलो. वैरण बरोबर वाहून न्यायची ठरवली तर अर्धं ओझं त्याचंच होतं. लमाणांचे तांडे चरत चरत जायचे ते याचमुळे. तेव्हा वाटेच्या दुतर्फा तीन-चारशे मीटर पट्टा चराईसाठी राखीव दाखवा, आणि त्यावर गावकऱ्यांचं आणि तांड्याचं भांडणही दाखवा, कारण ते होणारच.

चाक नसण्याचं कारणही वाचकाला द्या. ७०० किलोची बैलजोडी दिवसभर टिकेल अशी ओढ ७० ते ८० किलोची देते. गाडी आणि माल मिळून एक टन असेल तर घट्ट, सपाट रस्त्याला ३०-४० किलो ओढ पुरते. दहाला एक असा चढ आला की नुसत्या चढापायी आणखी १०० किलो लागतात आणि जोडी जागच्या जागी थांबते. तुमचा घाट सरासरी तेराला एक आहे, पण अशा वाटेत पाचाला एक असे टप्पे येतातच. म्हणून सड्यावर गाडी चालेल, घाटात पाठच हवी.

मचवा

खाडीपुरतं लिहितो. पाणगवा बंदर ते पेठ चालवू नका. दहा टनांचा मचवा भरती धरून, वारा बरा असेल तर दोन भरत्यांत ४० किमी वर जातो. तेवढा माल न्यायला तुमचे ५० पाणगवे लागतील, आणि ते तीन दिवस घेतील. होडी असताना काठाने जनावर कोणी हाकणार नाही. चिपळूण, महाड, राजापूर, खारेपाटण या पेठा खाडीच्या वरच्या टोकांना वसल्या त्या याच हिशेबाने: होडी जिथे थांबते तिथे बैलाच्या पाठीवर माल चढतो, आणि पुढे कुंभार्ली, वरंध, अणुस्कुरा, फोंडा असे घाट.

दुसरी अडचण चिखलाची. रेडा भातखाचरात सहज चालतो, कारण वीतभर चिखलाखाली नांगरटीने घट्ट झालेला थर असतो. खाडीच्या चिखलाला तसा तळ नसतो. ६०० किलोच्या जनावराचे तीन पाय एका वेळी टेकलेले धरा, खुराचा तळ ९० चौरस सेंटिमीटरचा धरा: दर चौरस सेंटिमीटरवर सव्वादोन किलो भार येतो. मऊ गाळ पाव किलोही पेलत नाही. जनावर पोटापर्यंत जातं आणि तिथे अडकतं. गाळावर तरायचं तर पायाचा तळ हजार चौरस सेंटिमीटर हवा, म्हणजे जवळजवळ हत्तीच्या पायाएवढा पसारा ६०० किलोच्या अंगाला. जमेल, पण बोटं दुभागलेली ठेवा. टेकताना पसरतात, उचलताना मिटतात, त्यातून हवा शिरते आणि पाय चोखला जात नाही. सलग गोल खूर अडकून बसतो. असा पाय जांभ्यावर मात्र कुचकामी, तेव्हा पाणगवा खाडी सोडून वर येत नाही हे पक्कं करा.

त्याचं खरं काम ओहोटीचं. ओहोटीला होडी गाळात टेकते आणि काठ शंभर मीटर दूर राहतो. तिथे पाणगव्याने चिखलावरून फळ्यांची घसरण ओढायची. तीन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद, पुढचं टोक वर वळवलेलं. घसरणीसकट ३०० किलो असेल तर ओल्या गाळावर सुमारे १०० किलो ओढ लागते. ही ओढ दिवसभर टिकणारी नाही (६०० किलोच्या जनावराची टिकाऊ ओढ ७० किलोच्या आसपास), पण शंभर मीटरला चालते, मग पाच मिनिटं दम. घसरण तिथेच थांबू देऊ नका. गाळात बसली की सुटायला दुप्पट ओढ लागते.

वेळापत्रक चंद्राचं ठेवा. भरती १२ तास २५ मिनिटांनी येते, रोज साधारण ५० मिनिटं उशिरा. आपल्याकडचा ठोकताळा म्हणजे तिथीला पाऊणने गुणायचं: चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती. खाडीत जेवढं आत जाल तेवढी ती मागाहून. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला होडी काठाजवळ येते आणि ओढायचं अंतर घटतं. अष्टमीच्या भांगाला पाणी कमी चढतं, होडी लांब टेकते, पाणगव्यांचं काम वाढतं. हमालीचे दर तिथीप्रमाणे बदलतात असं दाखवलंत तर बंदर खरं वाटेल.

खाण्याला तिवराचा पाला. कच्छचे खाराई उंट पोहत जाऊन तिवरं चरतात, म्हणजे हे खाणं पचवणारं ओझ्याचं जनावर खरोखर आहे. पण तो पाला खारट, त्यामुळे गोडं पाणी जास्त लागतं आणि बंदराच्या विहिरींवर ताण येतो.

सरीसृप_दोडामार्ग

कडघोर मला आवडली, म्हणून तिच्यावर वेळ घालवतो.

कडा चढण्याचं सोडून द्या. सात किलोची घोरपड नखांवर लोंबकळू शकते. तिला ९०० किलोची करायची तर लांबी पाचपट होते, नखाचा छेद पंचवीसपट, पण वजन सव्वाशेपटीहून जास्त. प्रत्येक नखावरचा ताण पाचपट. ओझ्याविनाच नख उपटेल. पस्तीस अंशांची उघडी कातळधार मात्र ती बैलाआधी पार करेल, कारण पोट जमिनीलगत आणि पाय बाजूला फाकलेले. बैल तिथे कोलमडतो. तुम्हाला कथेसाठी एवढं पुरे आहे.

दुसरं म्हणजे दम. सरड्याच्या कुळात अंग डावी-उजवीकडे वळत चालतं, आणि ते वळताना बरगड्यांनी नीट श्वास घेता येत नाही. घोरपडीची जात घशाच्या पिशवीने हवा आत ढकलून ही अडचण बरीचशी भागवते, पण पूर्ण नाही. म्हणून कडघोर चालवताना वीस मिनिटं चाल, पाच-सात मिनिटं थांबा. घसा फुगणं-बसणं संथ झालं की पुढे. हाकणाऱ्याने घशाकडे बघत चालायचं, पायांकडे नाही.

तिसरं, ऊब. सकाळी अंग ३५ अंशांपर्यंत चढल्याशिवाय काम नाही. एवढं मोठं धूड तापायला दोन-तीन तास सहज घेईल. निघायची वेळ नऊ-साडेनऊ. दुपारी काळा दगड इतका तापतो की पोट भाजेल, तेव्हा साडेबारा ते साडेतीन सावली. रात्री चाल नाही. घाटात ढग उतरले की काम बंद, आणि पावसाळ्यात तर अजिबात नाही.

खाणं. थंड रक्ताच्या जनावराला त्याच वजनाच्या गरम रक्ताच्या जनावरापेक्षा खूप कमी लागतं. ९०० किलोला रोज सरासरी साडेतीन किलो सुकी मासळी धरा, तीही चार दिवसांतून एकदा एकरकमी. खाल्ल्यावर एक दिवस पचनाचा, त्या दिवशी ओझं नाही, नाहीतर ओकून टाकेल. मासळी उन्हात वाळवलेली, बिनमिठाची द्या: बोंबील, सुकट. खारवलेली नको. आणि काट्यांसकट अख्खी द्या. नुसतं मांस दिलं तर चुना कमी पडून पाय वाकतात. सुकी मासळी ओझ्याच्या जनावराला घालणं नवल नाही. ओमानच्या धोफार किनाऱ्यावर उंटांनाही वाळवलेली तारली घालतात.

सर्वांत मोठा फायदा मात्र ताकदीत नाही. पावसाळ्याचे चार महिने कडघोर जवळजवळ काही न खाता बिळात पडून राहील. बैल तेवढे महिने बसून खातो.

तोटाही सांगतो. घोरपड कळपाची नाही, पुढच्याच्या मागे चालत नाही. एका माणसामागे चार-पाच बैल हाकता येतात, कडघोरीला प्रत्येकी एक माणूस लागेल. अंड्यातून निघाल्यापासून त्याच माणसाच्या हाताने खाल्लेली हवी. आणि बैलांच्या मुक्कामापासून वाऱ्याच्या खालच्या बाजूला लांब ठेवा. मांसखाऊचा वास आला की बैल दावी तोडतात.

घाटवाट

एका गोष्टीला हरकत. पावसाळ्यात बैल बसून खात नाही. जून-जुलैत तोच बैल नांगराला आणि चिखलणीला जातो, आणि त्या दिवसांत हिरवं गवत बांधाबांधावर फुकट असतं. बैलाची खरी अडचण फेब्रुवारी ते मे. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही जांभा पाणी धरत नाही, मार्चनंतर सड्यावरच्या विहिरी तळ दाखवतात. कामाचा बैल उन्हाळ्यात ४० लिटर पितो. शंभर बैलांच्या मुक्कामाला ४,००० लिटर, रोज. तांडा किती मोठा हे एप्रिलमध्ये पाणीच ठरवतं. कडघोर तिथे जिंकते, हे मान्य.

अर्जुनाकाठ

सर्वांचे आभार. कडघोर फक्त घाटात आणि बैल फक्त सड्यावर, असं वाटून दिलं तर? आणि बांधणी-आजारांबद्दल अजून कोणी बोललं नाही.

पशुवैद्यक_रायगड

बांधणी बैलाची आधी. ओझं मणक्यावर कधीच नाही, दोन्ही बाजूंच्या बरगड्यांवर. पेंढ्याने भरलेल्या दोन गाद्या, मध्ये पन्हळ, त्या पन्हळीतून पाठीचा कणा आणि खोगीर यांच्यात दोन बोटं जायला हवीत. गोणी दोन, वजनात दोन किलोपेक्षा जास्त फरक नको. फरक असला की खोगीर एका बाजूला सरकतं आणि वशिंडामागे सोलतं. तंग (पोटाखालून जाणारा पट्टा) बांधल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा आवळायचा, कारण चालल्यावर पोट उतरतं. चढाला छातपट्टा ओझं धरतो, उताराला शेपटीखालून जाणारी दुमची. उतार जास्त वाईट. पुढच्या पायांवर आधीच अर्ध्याहून अधिक वजन असतं, त्यात गोणी पुढे सरकतात आणि गुडघे जातात. उतरताना ओझं पाचव्या हिश्शाने कमी करा. गूळ खाली आणणारा तांडा मीठ वर नेणाऱ्यापेक्षा हलका भरलेला दिसला पाहिजे.

मिठाची खास खोड: हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांवर गेला की मीठ पाझरतं, आणि कोकणात तो बहुतेक पहाटे असतोच. खारं पाणी गोणपाटातून गादीत, गादीतून सोललेल्या कातडीत. गोणी आणि गादीच्या मध्ये पोफळीची विरी (झावळीच्या बुडाचं चिवट सालपट) घाला, वर इरल्यासारखं झाकण. मुक्कामाला गोणी उतरल्यावर खोगीर लगेच काढू नका. तंग सैल करून पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवा, घामेजल्या पाठीला एकदम वारा लागला तर सूज धरते. मग तळहाताने पाठ चाचपायची. गरम उंचवटा लागला तर दुसऱ्या दिवशी तेवढ्या जागेचा पेंढा उपसून पोकळी करायची. जुन्या जखमेवर केस पांढरे उगवतात. बाजारात बैल पारखणारं पात्र ते पांढरे ठिपके मोजेल.

बैलाचा खूर दुभागलेला, म्हणून एका बैलाला आठ पत्र्या (नाल). सुका जांभा खूर कानशीसारखा घासतो, आणि ओलेत भिजलेला खूर आणखी लवकर झिजतो. पेठेत आणि घाटाच्या पायथ्याशी नालबंद दाखवाच.

कडघोरीला एक खोगीर चालणार नाही, कारण मधलं अंग वळतं. खांद्यावर एक आणि कमरेवर एक, अशी दोन छोटी खोगिरं, मध्ये जोड नाही. १५० किलो मागे, १०० पुढे. कात टाकताना पट्ट्याखालची नवी कातडी फाटते, तेव्हा आठ-दहा दिवस सुट्टी. हाकणाऱ्याने जेवणाआधी हात धुवावेत, सरपटणाऱ्यांच्या अंगावर जुलाबाचे जंतू असतात.

आजारांपैकी कथेला उपयोगी दोन. लाळ्या-खुरकूत: तोंडात आणि खुरांत फोड, लाळ गळते, दोन-तीन आठवडे काम बंद, आणि एका तांड्यातून दुसऱ्यात वाऱ्यासारखं पसरतं. घाट बंद ठेवायला राजाला यापेक्षा चांगलं कारण मिळणार नाही. दुसरा सर्रा. रक्त पिणाऱ्या माश्या तो पसरवतात. गाई-म्हशींच्या जातीत तो बरेचदा दिसतही नाही, पण घोडा आणि उंट त्याने खंगून मरतो. खाडीकाठचे पाणगवे ठणठणीत आणि शेजारी तळ दिलेलं देशावरचं घोडदळ महिनाभरात पायावर उभं राहू शकत नाही, हे जादूशिवाय घडतं.

घाटवाट

वाटून दिलेला हिशेब असा. सड्यावर बैल: एक दिवस जाणं, एक दिवस येणं, एक दिवस विश्रांती. त्यासाठी २० किमी एका दिवसात काढावे लागतात, ते विश्रांतीच्या दिवशी पोटभर वैरण मिळाली तरच जमतं. हंगामात ८० फेऱ्या, बैलामागे ८ टन, म्हणजे २५० बैल. घाटात कडघोर २५० किलोने, चढ, उतार आणि पचनाचा दिवस अशी तीन दिवसांची फेरी: ८० फेऱ्या, २० टन. म्हणजे १०० कडघोरी. खाणं चार दिवसांऐवजी तीन दिवसांनी द्या, साडेदहा किलो, म्हणजे दोन्ही चक्रं जुळतात. तेवढ्यात नेलं २५० किलो. बैल ५४ किलो वैरण खाऊन १०० किलो नेतो, त्याच्याशी ताडून बघा. शंभर जनावरांना हंगामात ८४ टन सुकी मासळी लागेल, त्यासाठी किमान तीनशे टन ओली. म्हणजे घाटाची किल्ली कोळ्यांच्या हातात गेली. मासळी कमी आली त्या वर्षी मीठ वर चढत नाही.

उरला जकातनाका. नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून दाखवतात, आणि बैलांच्या वाटेला माथा ही योग्य जागा, कारण दुसरीकडून बैल चढूच शकत नाही. तुमच्या कथेत कडघोर शेजारच्या धारेवरून चढते, मग माथ्यावरचा नाका चुकवता येतो. राजाने नाका पायथ्याशी, मासळीच्या कोठाराला लागून ठेवावा आणि कडघोरीला खाणं मिळतं तिथेच पावती द्यावी. चोरटा माल न्यायचा तर मासळीही चोरूनच साठवावी लागेल, आणि कडघोर रात्री चालत नाही, म्हणजे चोरी सकाळी साडेबारापर्यंत किंवा दुपारी साडेतीननंतर, उन्हात, समोरच्या डोंगरावरून दिसेल अशीच करावी लागेल.